वाटपाचा एक दावा: कोर्टातून मध्यस्थीकडे आणि परत कोर्टात

दिवाणी दावा आणि तडजोड हे दोन वेगळे रस्ते आहेत, एक धरला की दुसरा सुटतो, असा समज सर्रास आढळतो. खालच्या प्रकरणात दावा नसता तर तडजोड झाली नसती, आणि तडजोड नसती तर दाव्याच्या निकालातून कुणाच्याही हाती फारसं काही लागलं नसतं. कुटुंबाच्या संमतीनं हे प्रकरण मांडतो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कायद्याचा आणि कामकाजाचा भाग जसा घडला तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक बागायती गाव. साडेचार एकर, म्हणजे १८० गुंठे जमीन, एकच गट. उत्तरेला विहीर, पूर्वेला डांबरी रस्ता. गावठाणात जुनं घर. वडील २०११ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन मुलगे आणि दोन मुली.

थोरला भाऊ गावात राहून शेती करायचा आणि आई त्याच्याकडेच होती. धाकटा शहरात नोकरीला. दोघी बहिणी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यांत. वडिलांनंतर वारस नोंद झाली तेव्हा आई आणि भावांची नावं कब्जेदार म्हणून लागली. बहिणींची नावं मात्र सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात गेली. गावोगाव हे असंच होत आलं आहे आणि त्या वेळी कुणी हरकतही घेत नाही. फेरफार नोंदीनं मालकी ठरत नाही, ती महसुलासाठी असते, हे कायद्यानं स्पष्ट आहे. तरीही व्यवहारात लोक सातबाराच बघतात. पुढचे अर्धे गैरसमज या रकान्यातून सुरू झाले.

काही वर्षांनी थोरल्या भावानं मोठ्या बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं. ते नोटरीसमोर झालं, नोंदणीकृत नव्हतं. धाकट्या बहिणीनं सही केली नाही. “दादा, सही कधीही करीन, पण आधी मला विचारलं पाहिजेस,” एवढंच ती म्हणाली होती. पुढं कुणी विचारलं नाही.

वाद कशावरून पेटला

२०१९ च्या सुरुवातीला थोरल्या भावानं रस्त्याकडचा एक एकर विकायचं साठेखत केलं आणि चार लाख रुपये इसार घेतला. धाकट्या बहिणीला ही बातमी गावातल्या नातेवाइकाकडून कळली. रस्त्याकडची जमीन गेली तर उरलेल्या जमिनीची किंमत पडणार होती आणि खरेदीदाराचा ताबा झाला की तो हलवणं अवघड होणार होतं. तिनं फोन केला तेव्हा भावाचं उत्तर होतं: “तुमच्या लग्नात काय कमी खर्च झाला? बाबांनी तेव्हाच तोंडी वाटून दिलंय सगळं.”

पुढं कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, त्यानं घेतलेली भूमिका हीच. कायद्याच्या दृष्टीनं ती कमकुवत होती. हिंदू वारसा कायद्यातली मुलींना जन्मतः सहदायाद, म्हणजे मुलांसारखीच वडिलोपार्जित मिळकतीची हिस्सेदार, मानणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि त्या दिवशी वडील हयात होते. त्यामुळे मुलींच्या हक्काबद्दल शंकेला जागा नव्हती. तोंडी वाटपाचा बचाव तर सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानंतर आणखी अवघड झाला. त्या निकालानुसार तोंडी वाटप सहसा मान्य होत नाही. सरकारी दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तेव्हाच अपवाद.

इथं हिशेबाची एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावर दोन्ही बाजूंनी पानंच्या पानं खर्च केली. जमीन वडिलोपार्जित की वडिलांची स्वकष्टार्जित? स्वकष्टार्जित धरली तर आई आणि चार मुलं असे पाच वारस, प्रत्येकी एक पंचमांश. वडिलोपार्जित धरली तर वडील हयात असतानाचं काल्पनिक वाटप करायचं: वडील, आई आणि चार मुलं, प्रत्येकी एक षष्ठांश. मग वडिलांचा षष्ठांश पाच वारसांत, म्हणजे प्रत्येकाला आणखी एक तिसांश. एक षष्ठांश अधिक एक तिसांश म्हणजे पुन्हा एक पंचमांशच. कसंही मोजलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३६ गुंठे. मृत्युपत्र नसलेल्या या घरात त्या मुद्द्यानं कुणाच्याही हिश्शात एका गुंठ्याचा फरक पडणार नव्हता. पहिल्याच भेटीत हे कागदावर मांडून दाखवलं असतं तर वादाचं अर्धं ओझं तिथंच उतरलं असतं.

समोरचे पर्याय

बहिणीनं वकिलाकडे जाण्याआधी आणि गेल्यानंतर जे पर्याय तोलले, ते असे.

पहिला, घरातल्या घरात बसून नोंदणीकृत वाटणीपत्र. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला, पण सगळ्यांच्या सह्या लागतात. भाऊ बोलायलाच तयार नव्हता.

दुसरा, तहसीलदारांकडे जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज. सहधारकांची संमती असेल तर हा मार्ग चांगला चालतो. पण कुणी मालकीचा प्रश्न उभा केला की प्रकरण दिवाणी कोर्टाकडेच वळतं. तोंडी वाटपाचा दावा समोर असताना हा रस्ता बंद होता.

तिसरा, तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व अर्ज, म्हणजे दावा न लावता लोकअदालतीत तडजोडीचा प्रयत्न. खर्च नाही. तडजोड झाली तर लोकअदालतीच्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचा (डिक्रीचा) दर्जा मिळतो आणि त्यावर अपील नसतं. अडचण अशी की लोकअदालतीला समोरच्याला थांबवता येत नाही. नोटीस जाईपर्यंत खरेदीखत झालं असतं तर?

चौथा, लवाद. त्याला लेखी करार लागतो, तो नव्हता. हा विचार तिथंच संपला.

पाचवा, दिवाणी दावा: वाटप, स्वतंत्र ताबा आणि मनाई. वेळखाऊ, पण तूर्तातूर्त आदेश मिळण्याची शक्यता याच मार्गात होती.

तिच्या वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या अनेक बायकांना माहीत नसतात. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेमुळे मालमत्तेच्या वादात स्त्री पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे. आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ खाली स्त्रीला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तिनं वकील स्वतःचा ठेवला, पण फीच्या भीतीनं दावा टाळायचं कारण उरलं नाही.

हा पहिला निर्णायक क्षण. माझ्या मते तिचा निर्णय बरोबर होता. बोलणी आधी करावी हे तत्त्व चांगलं आहे. मात्र समोरचा माणूस त्या अवधीत वस्तूच विकून टाकणार असेल, तर आधी वस्तू जागेवर राहील याची सोय करावी लागते. व्यापारी वादांत दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची असली तरी तिथंही तातडीचा आदेश हवा असेल तर सूट आहे, त्यामागचं कारण हेच.

दावा कसा चालला

जून २०१९ मध्ये दावा दाखल झाला. आई, दोघे भाऊ, मोठी बहीण आणि खरेदीदार असे सगळे प्रतिवादी. आईला प्रतिवादी करताना धाकटी फार रडली होती. पण वाटपाच्या दाव्यात प्रत्येक हिस्सेदार पक्षकार असावाच लागतो आणि सगळ्या मिळकती एकाच दाव्यात याव्या लागतात, म्हणून घरही त्यात आलं. ‘प्रतिवादी’ म्हणजे आरोपी नव्हे हे आईला कुणीतरी घरी जाऊन समजावायला हवं होतं. तसं झालं नाही. बेलिफ समन्स घेऊन दारात आला आणि गावात बोभाटा झाला.

दाव्यासोबत निशाणी ५ चा मनाई अर्ज, म्हणजे निकालापर्यंत विक्री थांबवण्याची मागणी, होता. अशा अर्जावर कोर्ट तीन गोष्टी बघतं: प्रथमदर्शनी बाजू आहे का, आदेश दिला किंवा नाकारला तर गैरसोय कुणाची जास्त, आणि पैशांनी भरून न येणारं नुकसान होईल का. कोर्टानं आधी ‘जैसे थे’ आदेश दिला. नंतर दोन्ही बाजू ऐकून निकालापर्यंत जमीन तिऱ्हाइताला विकायला मनाई केली. भावाची वहिवाट मात्र कायम ठेवली, तो पीक घेत राहिला. आदेश असा समतोल असल्यामुळेच भावानं जिल्हा न्यायालयात अपील केलं नाही.

दुसरी एक गोष्ट उशिरा झाली. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ नुसार दावा चालू असताना झालेली विक्री दाव्याच्या निकालाला बांधील असते. पण महाराष्ट्रात त्या कलमात जुनी दुरुस्ती आहे: दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली तरच हे संरक्षण मिळतं. ही नोटीस दाव्यानंतर काही महिन्यांनी नोंदवली गेली. मधल्या काळात काही घडलं नाही. मनाई आदेश पक्षकारांना बांधतो. ही नोंद मात्र अजाण खरेदीदारालाही सावध करते. दोन्ही पहिल्या आठवड्यातच व्हायला हवं होतं.

पुढचा प्रवास ओळखीचा. कैफियत तीस दिवसांत द्यायची, कोर्ट ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकतं. इथं त्याहूनही उशीर झाला आणि दंड भरून ती दाखल करून घेतली गेली. मग करोनामुळे कामकाज थांबलं. २०२१ मध्ये मुद्दे निघाले, म्हणजे नेमक्या कोणत्या प्रश्नांवर निकाल द्यायचा ते कोर्टानं ठरवलं. २०२२ मध्ये वादीचं सरतपासाचं शपथपत्र, म्हणजे तिची लेखी साक्ष, आलं आणि उलटतपास सुरू झाला. तहकुबी तीनपेक्षा जास्त देऊ नये असं दिवाणी प्रक्रिया संहिता म्हणते. रोजनामा, म्हणजे तारखांच्या कामकाजाची नोंद, बघितला तर तसं दिसत नाही.

उलटतपासात वकिलांनी बहिणीला विचारलं, आईच्या आजारपणात तुम्ही किती दिवस येऊन राहिलात? हिश्श्याशी या प्रश्नाचा संबंध नव्हता. पण आई त्या दिवशी कोर्टात होती आणि तिनं तो ऐकला. त्यानंतर आईनं धाकट्या मुलाला सांगितलं की आता हे थांबव.

दोनदा मध्यस्थी

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ कोर्टाला वाद मध्यस्थीकडे पाठवण्याचा अधिकार देतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१० च्या अॅफकॉन्स निकालात सांगितलं की वाटपासारखे कौटुंबिक वाद मध्यस्थीला योग्य आहेत, आणि लवादाला जशी सगळ्यांची संमती लागते तशी मध्यस्थीकडे पाठवायला लागत नाही. अर्थात पाठवणं वेगळं आणि तडजोड करणं वेगळं. तडजोडीची सक्ती कुणी करू शकत नाही.

पहिल्यांदा प्रकरण २०२१ मध्ये, मुद्दे निघाल्यावर, मध्यस्थी केंद्रात गेलं आणि फसलं. कारणं साधी होती. मोठी बहीण आणि खरेदीदार आलेच नाहीत. धाकटा भाऊ फोनवर. मोजणी नकाशा कुणाकडे नव्हता, म्हणून बोलणं ‘तुला किती, मला किती’ यातच फिरलं. किती हे तर कायद्यानं आधीच ठरलेलं होतं. कुठलं आणि कसं, हा खरा प्रश्न होता. मध्यस्थांनी नियमानुसार ‘तडजोड झाली नाही’ एवढंच कळवलं. आत कोण काय बोललं ते कोर्टाला सांगता येत नाही, ही मध्यस्थीची पहिली अट आहे.

दुसऱ्यांदा २०२३ मध्ये धाकट्या भावाच्या विनंतीवरून. या वेळी तयारी वेगळी होती. आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतली. सहाही पक्षकार हजर राहतील हे वकिलांनी आपसात ठरवलं. आणि मध्यस्थांनी पहिली बैठक एकत्र न घेता प्रत्येकाशी स्वतंत्र घेतली.

स्वतंत्र बैठकीत थोरल्या भावानं जे सांगितलं ते चार वर्षांत एकाही कागदावर आलेलं नव्हतं. इसाराच्या चार लाखांतले बरेचसे आईच्या शस्त्रक्रियेला गेले होते आणि उरलेले सोसायटीच्या थकबाकीला. भावंडांकडे मागायची त्याला लाज वाटली. आता खरेदीदार पैसे परत मागत होता आणि ते त्याच्याकडे नव्हते. मध्यस्थांनी विचारलं, हे बाकीच्यांना सांगू का? तो बराच वेळ गप्प राहिला, मग हो म्हणाला.

धाकट्या बहिणीची पहिली प्रतिक्रिया रागाची होती: “मग आम्हाला सांगायचं होतंस की रे दादा!” त्यानंतर मात्र बोलणं गुंठ्यांवर आलं आणि तिथून पुढं सरकलं. तिलाही जमीन कसायची नव्हती. तिला रस्त्याकडचा तुकडा हवा होता, कारण पुढं कधी विकायची वेळ आली तर तोच विकला गेला असता. मोठ्या बहिणीला जमीन नकोच होती, तिला मानानं पैसे हवे होते. तिचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत नसल्यानं तिचा हिस्सा कायम होता, आणि ते आता सगळ्यांना मान्य झालं.

तडजोडीत काय लिहिलं

धाकट्या बहिणीला रस्त्याकडचे ३० गुंठे. क्षेत्र सहा गुंठे कमी, कारण रस्त्याकडचा भाव जास्त. थोरल्या भावाला विहिरीकडचे ७८: स्वतःचे ३६, मोठ्या बहिणीचे ३६ आणि हे सहा. धाकट्या भावाला आणि आईला प्रत्येकी ३६. खरेदीदाराचा इसार धाकट्या भावानं भरला. थोरल्यानं तो चार वर्षांत बिनव्याजी फेडायचा. साठेखत रद्द करून खरेदीदारानंही तडजोडीवर सही केली.

मोठ्या बहिणीची रक्कम हप्त्यांनी ठरली. हप्ता चुकला तर काय, हा प्रश्न वकिलांनी तिथंच काढला हे फार चांगलं झालं. उरलेली सगळी रक्कम व्याजासह एकदम देय होईल आणि पूर्ण फेड होईपर्यंत थोरल्याच्या जमिनीवर बोजा राहील, असं लिहिलं. त्यामुळे थकबाकी झाली तर नवा दावा नको, सरळ दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज.

विहिरीवर सर्वांत जास्त वेळ गेला. पाळीचे दिवस, मोटारीचं वीजबिल कोणत्या प्रमाणात, गाळ काढायचा खर्च, मोटार जळली तर दुरुस्ती किती दिवसांत. आतल्या तुकड्यांना जायला आठ फुटी वाट. ती नकाशावर आखली आणि त्या नकाशावर प्रत्येकाची सही घेतली. पाण्याचा आणि वाटेचा हक्क सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवायचा असंही कलम घातलं. तडजोडीचे बहुतेक हुकूमनामे नंतर अशाच बारीक गोष्टींवर अडकतात.

आईच्या हिश्श्याचं तिच्या पश्चात काय, हे तडजोडीतच ठरवावं असा थोरल्याचा आग्रह होता. वकिलांनी तो मान्य केला नाही. हयात माणसाच्या मिळकतीत पुढं मिळणाऱ्या वारशाची नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही. आईला वाटलं तर तिनं स्वतः मृत्युपत्र करावं.

तडजोड पुरसीस, म्हणजे तडजोडीचं सह्यांसह लेखी निवेदन, कोर्टात दाखल झाली. न्यायाधीशांनी प्रत्येकाला समोर बोलावून विचारलं: वाचली का, समजली का, कुणाचा दबाव आहे का. आईला वाचता येत नसल्यानं पूर्ण पुरसीस तिला वाचून दाखवली. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं, म्हणून ही विचारपूस फार मोलाची असते. हुकूमनामा मुद्रांकित करून घेतला. शेतजमिनीच्या वाटपाला मुद्रांक नाममात्र असतो.

निष्पत्ती

नकाशा आधीच तयार असल्यामुळे नव्या नोंदी आणि ताबे त्याच वर्षात झाले. दावा निकालापर्यंत गेला असता तर आधी प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे फक्त हिस्से जाहीर. मग अपिलं. मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप करायला प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदार, मोजणी, ताबा. सरस-निरस, म्हणजे जमिनीचा चांगला-वाईट कस बघून, वाटप करणारा अधिकारी कायद्यानं बांधलेला असतो. ‘हिला रस्ता हवा, त्याला विहीर हवी, तिला पैसे हवेत’ हे त्याला बघता आलं नसतं. विहिरीची पाळी तर त्यात आलीच नसती.

मोठ्या बहिणीचे हप्ते एकदा दोन महिने थकले. वकिलाचं पत्र गेलं आणि पैसे आले. दरखास्त लावावी लागली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

थोरल्या भावानं इसार घेण्याआधी धाकट्या भावाला एक फोन केला असता तर काय झालं असतं, हे आता सांगणं सोपं आहे, म्हणून त्यावर थांबत नाही. जे हातात होतं त्याबद्दल लिहितो.

मध्यस्थी निशाणी ५ च्या आदेशानंतर लगेच मागायला हवी होती. तेव्हा वस्तू सुरक्षित झाली होती, विक्री थांबली होती, आणि उलटतपासात एकमेकांना बोलायचं ते अजून बोललं गेलं नव्हतं. पुराव्यातल्या प्रश्नांनी झालेली जखम तडजोडीनंतरही पूर्ण भरलेली नाही. पक्षकार स्वतः अर्ज करून मध्यस्थी मागू शकतात, कोर्टानं पाठवण्याची वाट बघावी लागत नाही. हे दोन्ही वकिलांना ठाऊक होतं. अर्ज कुणी दिला नाही, कारण आधी अर्ज देणारा कमजोर समजला जातो. या समजापायी पक्षकारांची वर्षं जातात.

मोजणी २०१९ मध्येच करून घ्यायला हवी होती. पहिल्या मध्यस्थीत नकाशा असता तर चर्चा योग्य प्रश्नावर सुरू झाली असती.

आणि घर. आईच्या हयातीत घराचं वाटप करायचं नाही, ते सामाईक ठेवायचं, असं एका ओळीत लिहून तो विषय सोडला. आई तिथं राहते, तिला त्रास नको, ही भावना सगळ्यांची होती आणि ती खरी होती. पण घरपट्टी कोण भरणार, दुरुस्ती कुणाच्या खर्चानं, आणि आईच्या पश्चात कुणी किती रकमेत बाकीच्यांचे हिस्से घेऊ शकेल, याची पद्धत तरी ठरवता आली असती. भिंतीची दुरुस्ती थोरल्यानं मागच्या पावसाळ्याआधी स्वतःच्या पैशांनी केली आणि पावत्या जपून ठेवल्या आहेत. त्या पावत्यांचं काय करायचं, याबद्दल चौघांनी या दिवाळीत बसायचं ठरवलं आहे.